चारही चाकांस गती देणारी मोटार आणि तिच्या भरवशाचा हिशेब

बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीस किंवा आंबोलीवरून सावंतवाडीस धंद्यानिमित्त जाणाऱ्या व्यापाऱ्यास पावसाळी रस्त्याचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. त्या अनुभवातूनच चारही चाकांस इंजिनाची शक्ती पोहोचविणारी मोटार घ्यावी, असा विचार आमच्या अनेक बंधूंच्या मनात येतो. पाठोपाठ शंकाही येते की, यंत्र जितके गुंतागुंतीचे तितके ते अधिक बिघडणार नाही काय? ही शंका रास्त आहे. ती कशी तोलावी, हे येथे क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम यंत्राचा प्रकार ओळखावा. सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांस मिळते. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपमध्ये चालकाने दांडा ओढला म्हणजे पुढची व मागची चाके एकत्र जखडली जात. आजच्या थार, जिम्नी इत्यादी गाड्यांचे तत्त्व हेच आहे. त्यास फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा गाड्यांत मात्र एरवी पुढचीच चाके ओढतात, व ती घसरू लागताच तेलात बुडालेला एक क्लच आपोआप मागच्या चाकांस शक्ती जोडून देतो. दोन्ही प्रकारांत मागे-पुढे शक्ती नेणारा शाफ्ट, जादा डिफरेन्शियल व त्यांची तेले ही अधिक येतात. जे अधिक आहे ते सांभाळावेही लागते, हे उघड आहे.

मग आपणांस त्याची गरज आहे काय? चार चाकांची ओढ चिखलातून निघण्यास व निसरड्या चढावर उपयोगी पडते. ब्रेक दाबल्यावर मात्र तिचा काही उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस असतातच. उतारावर थांबण्याचे काम टायरच करतात. म्हणून डांबरी घाटापुरताच प्रश्न असेल तर उत्तम टायर घातलेली साधी मोटार पुरते. खर्चाचेही एक उदाहरण पाहा. २०२२ साली बाजारात आलेल्या ग्रँड व्हिटाराच्या हाती गिअरच्या साध्या गाडीस लिटरमागे २१.११ किलोमीटर, तर चार चाकी ओढीच्या गाडीस १९.३८ किलोमीटर, असे कंपनीने जाहीर केले होते. वर्षास १५,००० किलोमीटर धावल्यास फरक सुमारे ६३ लिटरांचा पडतो. हा खर्च शेतावर, खाणीवर वा कच्च्या रस्त्यावर नित्य जाणाऱ्यास जड नाही. इतरांस तो निष्कारण आहे.

गरज ठरली की भरवशाचा विचार येतो. अमेका कंपनीची गाडी भरवशाची, अमकीची नाही, असे जे बोलले जाते त्यात तथ्य असते. परंतु ते तथ्य सरासरीचे असते. परदेशी मालकांच्या पाहण्यांतील निष्कर्ष आपल्याकडे लागू करताना इंजिन व गिअरबॉक्स तेच आहेत ना, हे आधी पाहिले पाहिजे. शिवाय पेढीचे नाव मोठे असले तरी व्यवहार करणाऱ्या आसामीची पत आपण स्वतंत्रपणे पाहतोच. जुनी मोटार घेताना हाच नियम ठेवावा. तिची पत तिच्या दुरुस्तीच्या नोंदींत दिसते.

त्यातही टायर प्रथम पाहावेत. चार टायरांपैकी दोन नवे व दोन झिजलेले असले तर साध्या मोटारीस फारशी इजा होत नाही. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मात्र गोष्ट निराळी आहे. टायरच्या नक्षीत २ मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात सुमारे साडेबारा मिलिमीटरचा फरक. त्यामुळे लहान चाकास किलोमीटरमागे सुमारे तीन फेरे अधिक फिरावे लागते. हा ताण मधल्या क्लचवर किंवा डिफरेन्शियलवर सतत पडतो. जपानच्या सुबारू कंपनीने मालकांस दिलेल्या सूचनेत चार टायरांच्या परिघातील फरक पाव इंचाच्या, म्हणजे ६.४ मिलिमीटरच्या, आत ठेवण्यास सांगितले आहे. यास्तव चार टायर चार जातींचे दिसले तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा ती गाडी सोडावी, हे बरे.

दुसरी परीक्षा सोपी आहे. मोकळ्या पटांगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. जीपच्या पद्धतीची असेल तर ही परीक्षा चार चाकी जोडणी सोडवून घ्यावी. गाडी अडखळली, धक्के देऊ लागली किंवा खालून कटकट आवाज आला, तर आत दोष आहे असे समजावे. जोडणी कोरड्या डांबरावर चालू ठेवून गाडी हाकण्याची सवय पूर्वीच्या मालकास असल्यास गिअर व सांधे झिजतात, हेही विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट पुराची. २०१९ साली सांगली-कोल्हापूर व बेळगाव भागात, २०२० साली हैदराबादेस, २०२४ साली वडोदऱ्यास पुराचे पाणी वस्तीत शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाऊ शकते. डिफरेन्शियलचे तेल काढून दाखविण्यास सांगावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे, आणि त्यात धातूचा चुरा असेल तर दात झिजले आहेत. विम्याच्या दाव्यांची नोंदही मागावी.

शेवटी सुट्या भागांचा विचार. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फिल्टर व ब्रेकचे भाग बाजारात सहज मिळतात; परंतु चार चाकी ओढीचे विशेष भाग, मुळात तशा गाड्याच थोड्या विकल्या गेल्यामुळे, दुर्मिळ होतात. म्हणून घेण्यापूर्वी आपल्याच गावच्या कारागिरास दोन प्रश्न विचारावेत: हा क्लच वा डिफरेन्शियल तुम्ही कधी उघडला आहे काय? आणि त्याचा भाग किती दिवसांत, किती रुपयांस येतो?

सारांश, मोटारीचा भरवसा तीन ठिकाणी असतो: कारखान्याच्या घडणीत, मागील मालकाच्या निगेत आणि पुढील दुरुस्तीच्या सोयीत. पहिल्याची चर्चा सर्वजण करतात. नुकसान बहुधा उरलेल्या दोहोंत होते. त्या दोहोंची चौकशी करण्यास एक दिवस व एका जाणत्या मेकॅनिकची मजुरी पुरते. भर पावसात, घाटाच्या मध्यावर, कुटुंबीय बरोबर असताना गाडी बंद पडण्याच्या मानाने ही किंमत अल्प आहे, हे आमच्या बंधूंनी लक्षात ठेवावे.