फुगा किती फुगवायचा?

ऑगस्ट 1952. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण श्वास थांबून दगावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छेद देऊन बसवलेल्या नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हाताने दाबत राहून मुलीला जगवलं. मग सुमारे 1,500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या. आजचे आयसीयू तिथून आले.

पुढे व्हेंटिलेटर आले. डोक्याला मार लागलेली, छाती चेपलेली माणसं त्यावर वाचू लागली. त्यांतली काही मात्र घरी गेल्यावर काही आठवड्यांनी धापा टाकत परत येत. श्वासनलिका आतून आवळलेली असे.

बॉस्टनच्या कूपर आणि ग्रिलो यांनी 1969 मध्ये याचं मूळ दाखवलं. हवा बाजूने निसटू नये म्हणून श्वासनलिकेत घातलेल्या नळीला फुगा असतो. तेव्हाचे फुगे लहान आणि कडक असत. त्यांच्या दाबाने नलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटे, जखम कूर्चेपर्यंत जाई आणि भरताना तिचा वण आकसे. म्हणून मोठे, मऊ फुगे आले. 1984 मध्ये दुर्बिणीतून पाहिलं गेलं, की पाण्याच्या 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त दाबाला अस्तराचा रक्तप्रवाह अडू लागतो. आज 20 ते 30 ही मर्यादा सर्वमान्य आहे.

जखमी माणसाला हा धोका अधिक. रक्त गेल्याने रक्तदाब आधीच उतरलेला असतो, म्हणजे थोडा दाबही अस्तराला भारी पडतो. डोक्याला मार असेल तर तो खाटेवर धडपडतो आणि आत नळी घासत राहते. घसा दुखतोय, हे बेशुद्धीत सांगणार कोण? खरं तर दाब मोजायला तळहातात मावणारा मीटर आणि अर्धं मिनिट पुरतं. तरीही आजही आतल्या फुग्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा चिमटीत दाबून ‘ठीक आहे’ म्हटलेलं मी पाहतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. बोटांना 30 आणि 60 यांतला फरक कळत नाही.

दुचाकीच्या अपघातातून वाचलेला एक तरुण माझ्याकडे आला, तो दम्याचा पंप घेऊन. दोन महिने पंप ओढूनही फरक नव्हता. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता, जिना चढताना तो दोनदा थांबला होता. दुर्बिणीतून पाहिलं, तर नलिकेत पेन्सिलीएवढीही वाट उरली नव्हती. त्याचं डिस्चार्ज कार्ड मी दोनदा वाचलं. नळी किती दिवस होती, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.