केरावरही कर!

सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री ते मिटेपर्यंत मुंबईकराने असे कोणते कृत्य करावे, की ज्यावर कर बसणार नाही? दात घासावे, तर दंतमंजनावर वस्तू व सेवा कर. चूळ भरावी, तर पाण्यावर जलकर व जललाभ कर. ते पाणी मोरीतून वाहून जावे, तर मलनिःसारण कर आणि शिवाय मलनिःसारण लाभ कर. दाराबाहेर पाऊल टाकावे, तर पथकर. वाटेत एखाद्या झाडाची सावली अंगावर पडलीच, तर तिच्यासाठी वृक्ष उपकर. पगार हाती पडण्यापूर्वीच त्यातून व्यवसाय कर कापलेला. सोसायटीचा मासिक आकार एका मर्यादेपलीकडे गेला, की त्यावर पुन्हा शेकडा अठरा. या सर्वांतून एकच वस्तू आजवर सुटली होती, ती म्हणजे घरातला केर. तेवढीच उणीव भरून काढण्याचे मुंबई महानगरपालिकेच्या प्रशासनाने २०२५ साली मनावर घेतले.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये घनकचऱ्यासंबंधीच्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध झाला. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घरास दरमहा १०० रुपये, पन्नास ते तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या घरास ५०० रुपये, आणि त्याहून मोठ्या घरास १००० रुपये अशी शुल्काची प्रतवारी त्यात सुचविलेली होती. मे अखेरपर्यंत नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात आल्या. हरकतींचा वर्षाव झाला आणि तो तसा व्हावा, यात आम्हांस काडीचेही आश्चर्य वाटत नाही. कारण तो उन्हाळाच मुळी दरवाढीचा होता. जानेवारीत एस. टी.चे भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ आणि टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले. ९ मे रोजी बेस्टचे पाच रुपयांचे तिकीट दहा रुपयांचे झाले. ज्याचे कंबरडे आधीच वाकले आहे, त्याच्या डोक्यावर केराची टोपली ठेवली, तर तो ओरडणार नाही तर काय करील?

तथापि प्रशासनाची बाजू न ऐकताच त्यास दोषी ठरविणे आम्हांस मान्य नाही. या शहरात रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. तो उचलणारे कामगार आपण साखरझोपेत असताना रस्त्यावर आलेले असतात. त्यांच्या मजुरीस, गाड्यांस आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीस पैसा लागतो, आणि तो आकाशातून पडत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी असे शुल्क आकारण्याचा मार्ग स्थानिक संस्थांना दाखवून दिला होता, हेही खरे. इतकेच नव्हे, तर ओला व सुका कचरा वेगळा करण्याची साधी शिस्तही न पाळणारे, आणि खिडकीतून पिशवी भिरकावून स्वच्छतेवर व्याख्यान देणारे सुशिक्षित या नगरीत थोडे नाहीत. त्यांची वकिली करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. पहिली गोष्ट म्हणजे शुल्काची ही पायरीच वाकडी आहे. पन्नास चौरस मीटर म्हणजे सुमारे ५३८ चौरस फूट. गिरगावात वा डोंबिवली फास्टच्या वाटेवरील मुलुंडात आयुष्याची पुंजी घालून कोणी साडेपाचशे फुटांची जागा घेतली, की त्याने वर्षाला सहा हजार रुपये भरावयाचे. आणि ज्याचे घर तीन हजार दोनशे फुटांचे आहे, त्यानेही सहा हजारच भरावयाचे! दोन खोल्यांतला कारकून आणि समुद्राकाठचा कोट्यधीश यांना एकाच पंक्तीस बसविणारी ही समता कोणत्या शास्त्रातली? शिवाय पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कराची माफी देण्यात आली होती. त्याच घरांकडून केराच्या नावाने वर्षाला बाराशे रुपये घ्यावयाचे, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखेच नव्हे काय?

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. जी गृहिणी भाजीची देठे नि फळांच्या साली कुंडीत जिरवून घरच्या घरी खत करते, आणि जो गृहस्थ सर्व काही एकाच पिशवीत कोंबून जिन्यात ठेवून देतो, त्या दोघांवर या मसुद्याने शुल्क मात्र सारखेच सुचविले. मग केर कमी करण्याचा उत्साह कोणास वाटावा? पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. दारी येऊन कचरा नेणाऱ्या बाईच्या हाती तेथील रहिवासी महिन्याचे पैसे ठेवतात. पैसे कोणास दिले आणि कशासाठी दिले, हे देणाऱ्यास डोळ्यांनी दिसते. कराविषयीचा राग बहुधा रकमेमुळे उत्पन्न होत नाही. दिलेला पैसा कोठे गेला हे न दिसल्यामुळे होतो. देवनारला १९२७ पासून कचरा साचत आहे. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली, तेव्हा तिचा धूर शहरावर अनेक दिवस पसरला होता. त्या वस्तीत राहणाऱ्याने केराची किंमत आपल्या फुप्फुसांनी कधीच चुकती केली आहे. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या थैलीच्या धन्याने शंभर रुपयांसाठी दारोदार हात पसरण्यापूर्वी थैलीतल्या खर्चाचा हिशेब मांडावयास नको काय?

परंतु आमचा सर्वांत मोठा आक्षेप तिसराच आहे. हा प्रस्ताव आला, तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता! सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि त्यानंतर २२७ आसने जवळजवळ चार वर्षे रिकामी राहिली. मुंबईकरांनी मतदान केले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात कर सुचविणाराही प्रशासक, हरकती ऐकणाराही प्रशासक आणि निवाडा देणाराही प्रशासकच! त्याच्या सचोटीविषयी आम्ही शंका घेत नाही. परंतु त्यास निवडून कोणी दिले होते? पालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. १८८८ च्या पालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. परकीय अमदानीतही शहराचा पैसा शहराच्या प्रतिनिधींच्या विचाराने खर्च व्हावा, यासाठी त्या पुरुषाने हयात वेचली. त्याच पुतळ्याच्या पाठीमागे, रिकाम्या सभागृहाच्या साक्षीने, नागरिकांच्या केराचा दर लिहिला जावा, याला काय म्हणावे?

सरकारच्या हातात मिठावरचा कर फार जड नव्हता. पण तो प्रत्येकाच्या ताटात येऊन बसला होता. म्हणूनच १९३० साली दांडीस लोक निघाले आणि आपल्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही उभे राहिले. केराच्या शुल्काची मिठाच्या कराशी बरोबरी करण्याइतके आम्ही भाबडे नाही. तेथे परकी सत्ता होती, येथे आपलीच पालिका आहे. परंतु धडा एकच आहे. जी गोष्ट केल्यावाचून माणसाचा एक दिवसही जात नाही, तिच्यावर हात घालताना राज्यकर्त्याने शंभरदा विचार करावा आणि लोकांना विचारल्यावाचून तर तो मुळीच घालू नये.

आता नवे सभागृह निवडून आले आहे. त्यास आमचे सांगणे एवढेच, की असल्या शुल्काचा प्रत्येक प्रस्ताव उघड्या सभेत, नावानिशी मतदान घेऊन निकालात काढा. शुल्क घ्यावयाचेच असेल, तर साडेपाचशे फुटांचे घर नि तीन हजार फुटांचे घर यांत भेद करा. कचरा वेगळा करणाऱ्यास व जागीच जिरविणाऱ्यास सूट द्या. आणि जमा झालेल्या रुपयातले किती आणे कामगारापर्यंत पोहोचले, ते दरवर्षी जाहीर करा. हे झाले, तर मुंबईकर कुरकुरत का होईना, पण पैसे देईल. आजवर त्याने पाण्याचे दिले, रस्त्याचे दिले, झाडाच्या सावलीचेही दिले. त्याचे म्हणणे इतकेच आहे, की केर आमचा आहे, तो उचलण्याचा दाम आम्ही देऊ. पण आधी हिशेबाच्या वहीवर साचलेली धूळ तेवढी झाडा!