एका रात्रीचा आवसथ : पालि साहित्यातील वाटसरू आणि आपली विहारे

नागपूरहून सिवनी, जबलपूर, रीवा या मार्गाने सारनाथ आणि बुद्धगयेस वाहनाने जाणारे अनेक उपासक-उपासिका आपल्या परिचयाचे असतात. निघण्याचा दिवस त्यांनी ठरविलेला असतो. मुक्कामाची ठिकाणे मात्र बहुधा ठरलेली नसतात. वाहन बिघडते, रस्ता अपेक्षेपेक्षा वाईट निघतो, सोबतच्या वृद्ध आईला पुढचा प्रवास झेपत नाही आणि मग दिवेलागणीच्या वेळी एखाद्या अनोळखी गावात पथारी पसरण्यापुरती जागा शोधावी लागते.

काही वर्षांपूर्वी आम्हा आठ जणांवर असा प्रसंग आला होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. वाटेतील एका गावात धर्मशाळेचा फलक दिसला म्हणून आत गेलो. व्यवस्थापकाने नोंदवही उघडली, नाव विचारले, आडनाव विचारले आणि मग सरळच जात विचारली. उत्तर ऐकल्यावर वही मिटली गेली आणि खोल्या शिल्लक नसल्याचे आम्हांस सांगण्यात आले. पुढे काही अंतरावर एका ढाब्याच्या मालकाने दोनच प्रश्न विचारले : माणसे किती आणि पहाटे निघणार किती वाजता? त्याने बाजा टाकून दिल्या. त्या रात्री आमच्या मनात राग होताच. परंतु पालि ग्रंथांच्या अभ्यासकाला आणखी एक विचार सुचला. निवारा देणाऱ्याने वाटसरूला पहिला प्रश्न कोणता विचारावा, या विषयावर आपल्या परंपरेने फार प्राचीन काळी निर्णय दिलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच निर्णयाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

आवसथ आणि सेनासन

पालि साहित्यात वाटसरूंच्या निवाऱ्यास ‘आवसथ’ वा ‘आवसथागार’ म्हणतात. महापरिनिब्बान सुत्तातील पाटलिगामचे उपासक भगवंतांना आपल्या आवसथागारात निमंत्रित करतात. त्यापूर्वी ते तेथे बैठका अंथरतात, पाण्याचा रांजण भरून ठेवतात आणि तेलाचा दिवा लावतात. बैठक, पाणी आणि दिवा एवढीच ही सिद्धता होती. गावातील लोकसमूह अशा ठिकाणी अन्नदानही करीत. निरोगी भिक्खूने तेथे एकदाच भोजन घ्यावे, असा पाचित्तिय विभागात नियम आहे; कारण काही भिक्खू तेथेच ठाण मांडून रोज जेवू लागले होते. म्हणजे निवाऱ्याची सोय सर्वांसाठी आणि तिचा गैरफायदा कोणीही घेऊ नये, या दोन्ही बाजूंचा विचार तेथे एकत्रच झालेला दिसतो.

भिक्खूंच्या निवासास ‘सेनासन’ ही संज्ञा आहे. सयन आणि आसन, म्हणजे निजावयाची व बसावयाची जागा, असा तिचा सरळ अर्थ होय. राजगहाच्या श्रेष्ठीने साठ विहार बांधून दान दिले, तेव्हा ते कोणा एका आचार्याला वा त्याच्या शिष्यशाखेला दिले नाहीत. चारही दिशांच्या, आलेल्या आणि अद्याप न आलेल्या संघाला ते अर्पण करण्यात आले. न आलेल्या पाहुण्याचा हक्क दानाच्या क्षणीच मान्य करण्यात आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तथागतांनाही जागा शोधावी लागली

अंगुत्तर निकायातील भरण्डु कालाम सुत्तात एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. चारिका करीत तथागत कपिलवत्थूस येतात आणि महानाम शाक्याला एका रात्रीपुरता योग्य आवसथ पाहण्यास सांगतात. महानाम सारे नगर पालथे घालतो. ज्या नगरात सिद्धार्थ वाढले, तेथे त्यांच्यासाठी एका रात्रीची योग्य जागा त्याला आढळत नाही. अखेरीस पूर्वीचे सहब्रह्मचारी भरण्डु कालाम यांच्या आश्रमात आसन अंथरले जाते. तथागत कोणासही बोल लावत नाहीत. जी जागा मिळाली तेथे रात्र काढतात.

मज्झिम निकायातील धातुविभङ्ग सुत्तात ते राजगहाच्या भग्गव नावाच्या कुंभाराकडे जातात. अडचण नसेल तर कामाच्या शाळेत एक रात्र राहू द्यावे, अशी ते विनंती करतात. कुंभार सांगतो की आपली हरकत नाही, पण एक प्रव्रजित आधीच तेथे उतरला आहे, त्याची संमती असावी. तथागत त्या तरुणालाही तितक्याच नम्रतेने विचारतात. तो पुक्कुसाति. जागा प्रशस्त आहे, सुखाने राहावे, असे तो म्हणतो. ज्यांच्या नावाने आपण घर सोडले तेच समोर उभे आहेत, हे त्याला ठाऊक नसते. येथे यजमान कोण आहेस असे विचारीत नाही आणि पाहुणाही आपली थोरवी सांगत नाही. पाहुणा जागा मागतो ती आपल्या गरजेच्या आधारे. यजमान विचार करतो तो आधीच उतरलेल्या दुसऱ्या पाहुण्याचा.

जागा अडविण्याचा प्रश्न

आज ज्याला आपण आगाऊ आरक्षण म्हणतो, त्याचाही प्रसंग चुल्लवग्गात आहे. तथागत वेसालीहून सावत्थीस निघाले असता षड्वर्गीय भिक्खूंचे शिष्य पुढे धावले आणि हे आमच्या उपाध्यायांना, हे आमच्या आचार्यांना, हे आम्हांला, असे म्हणत त्यांनी सारी निवासस्थाने अडविली. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागा उरली नाही. धम्मसेनापतीने ती रात्र झाडाखाली काढली. पहाटे तथागत खोकले, तेव्हा झाडाखालून सारिपुत्तांच्या खोकल्याचा आवाज आला आणि प्रकार उघडकीस आला.

त्यानंतर तथागतांनी संघाला विचारले की उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा कोणाला मिळावी. क्षत्रिय कुलातून प्रव्रजित झालेल्याला, असे काहींनी सांगितले. ब्राह्मण कुलातून आलेल्याला, असे इतर काही म्हणाले. आणखी काहींनी विद्वत्तेचा, काहींनी ध्यानसिद्धीचा दाखला दिला. तथागतांनी यांपैकी एकही कसोटी स्वीकारली नाही. तित्तिर, वानर आणि हत्ती यांची कथा सांगून त्यांनी ज्येष्ठतेचा मान राखण्यास शिकविले. ही ज्येष्ठता उपसंपदेच्या दिवसापासून मोजावयाची असते, जन्मकुलावरून नव्हे. न्हावी उपालि यांना शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या देण्यात आली, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. शिवाय संघाच्या मालकीच्या जागेत ज्येष्ठतेच्या नावाखालीही कोणाला अडवू नये, अशी पुस्तीही जोडली गेली. निवाऱ्याच्या दारात जातीचा प्रश्न उपस्थित झाला होता आणि तो तेथेच निकालात काढण्यात आला, हे या प्रकरणाचे सार आहे.

पाहुण्याचे आणि यजमानाचे वत्त

चुल्लवग्गाच्या वत्तक्खन्धकात आगंतुक, आवासिक आणि गमिक, म्हणजे येणारा, राहणारा आणि निघणारा, यांची कर्तव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत. येणाऱ्याने आरामाबाहेर वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी आणि सावकाश आत यावे. पिण्याचे पाणी कोणते, वापरण्याचे कोणते, शौचकूप कोठे, आपल्या वाट्यास कोणती जागा येते आणि ये-जा करण्याची संघाने ठरविलेली वेळ कोणती, हे त्याने विचारावे. रिकाम्या विहाराचे दार ठोठावून थोडे थांबावे आणि बाहेरूनच आत नजर टाकावी. घाईने आत शिरलेल्या एका भिक्खूच्या खांद्यावर वरून साप पडला होता; हा नियम त्या अनुभवातून आला आहे. राहणाऱ्याने आपल्याहून ज्येष्ठ पाहुण्याला आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे आणि जागा दाखवावी. पाहुणा कनिष्ठ असेल तर बसल्या जागेवरून सर्व माहिती सांगावी. निघणाऱ्याने सामान आवरावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निवास कोणाच्या तरी हवाली करूनच वाट धरावी.

दब्ब मल्लपुत्त यांच्याकडे निवासवाटपाचे काम होते. रात्री उशिरा येणाऱ्यांनाही ते परत पाठवीत नसत. तेजोधातूच्या प्रकाशात जागा दाखवीत, असे विनयात वर्णन आहे. आख्यायिकेचा अलंकार बाजूला ठेवला तरी उशिरा आलेल्यासाठी दिवा धरणारा माणूस नेमलेला होता, ही व्यवस्था उरतेच.

ही दृष्टी भिक्खुसंघापुरती राहिली नाही. सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवरील वटवृक्ष, आमराया, विहिरी आणि विश्रांतिस्थाने यांचा उल्लेख माणसे व पशू या दोहोंच्या उपयोगासाठी केला आहे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चतुःशाल निवारे बांधून दिल्याची नोंद त्यात आढळते.

बाबासाहेबांची रात्र

या परंपरेच्या नेमके उलट चित्र पूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यात दिसते. १९०१ साली बालवयात भाऊ व भाचे यांच्यासह मसूर स्थानकावरून निघाले असता त्यांना टोलनाक्यापाशी रात्र काढावी लागली. शिदोरी जवळ होती, परंतु पाणी कोणी दिले नाही म्हणून मुले उपाशी निजली. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या दिवशी दोन मित्रांकडे विचारणा करूनही आसरा मिळाला नाही आणि गाडीची वेळ होईपर्यंत हा विद्वान एका सार्वजनिक बागेत बसून राहिला. कुंभार भग्गवाच्या दारातील रात्र आणि बडोद्यातील ती संध्याकाळ यांत सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. अधिक माणुसकीची कोणती, हे सांगावयास नको.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनाही हेच भोगावे लागले. कोणत्या गावी रात्रीचा आसरा मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये सुरू केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतील भेदभाव बेकायदेशीर ठरविल्यावर तिची गरज ओसरली. आपल्याकडे मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केलेल्या बोले ठरावात पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही समावेश होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात हॉटेलांचा स्पष्ट निर्देश आहे आणि आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५५ च्या कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्दच आलेले आहेत. म्हणून जात विचारून दार बंद करणारा व्यवस्थापक केवळ असभ्य नव्हे, तर कायद्याचा भंग करणाराही ठरतो. तशी वेळ आल्यास ठिकाण, वेळ आणि साक्षीदार यांची नोंद करून पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविणे हे प्रवाशाचे कर्तव्य होय. आमच्याकडून त्या रात्री ते झाले नाही, याची खंत आजही वाटते.

आपल्या विहारांची जबाबदारी

परंतु केवळ तक्रार करून आपले काम संपत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसे नागपुरात आली, तेव्हा त्यांतील बहुतेकांनी कोठेही जागा राखून ठेवलेली नव्हती. आजही अशोक विजयादशमीस दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी वस्त्यांतील घरे आणि विहारे उघडी होतात. वर्षातील त्या दिवसांत आपण आवसथ चालवितो. उरलेल्या दिवसांत मात्र संध्याकाळची वंदना आटोपली की अनेक विहारांना कुलूप लागते.

प्रत्येक विहार समितीने एक खोली किंवा सभागृहाचा एक कोपरा वाटसरूसाठी राखावा. चटया, पिण्याचे पाणी, दिवा आणि स्वच्छ शौचालय एवढे पुरे आहे. किल्ली कोणाकडे आहे हे दारावर लिहिलेले असावे. सुरक्षिततेसाठी ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी. पण तीत नाव, गाव, माणसे किती आणि निघणार केव्हा, एवढेच रकाने असावेत. प्रवाशांनीही आगंतुकाचे वत्त पाळावे : शक्यतो अंधारापूर्वी पोहोचावे, नियम विचारून घ्यावेत, मुक्काम लांबवू नये आणि निघताना जागा झाडून किल्ली हाती द्यावी.

ज्या वहीत जातीचा रकाना नाही, अशी वही आपल्या प्रत्येक विहाराच्या दाराशी असली, तर सारिपुत्तांसारख्या उशिरा पोहोचलेल्या कोणा प्रवाशावर झाडाखाली रात्र काढण्याची पाळी येणार नाही.