गोळी पुढे कुठे जाते?

रविवारच्या सकाळी, चहाचा कप हातात असताना, बंदुकीचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आमच्या बीड जिल्ह्यात हा विषय आता घराघरांत बोलला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि पोलिसांनी अनेक परवाने रद्द करण्याची कार्यवाही हाती घेतली. कमरेला पिस्तूल लावून मिरवणारे सर्वांनी पाहिले. पण त्या गदारोळात एक माणूस मागेच राहिला. तो म्हणजे रात्री शेतात जागल करणारा, रानडुकरांनी ज्याचे मक्याचे उभे पीक लोळवले असा शेतकरी. बंदूक त्यालाही हवी असते आणि त्याचे कारण मिरवण्याचे नसते.

माझा भाचा त्यातलाच. धारूर तालुक्यात बालाघाटाच्या उताराला त्याचे शेत आहे. खाली ऊस, वर तूर आणि मका. दिवसभर उसात दडून बसलेली डुकरे अंधार पडला की मक्यात उतरतात. खातात थोडे आणि तुडवतात फार. भाच्याच्या वडिलांकडे जुनी बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडली, म्हणून ती मुलाच्या नावे करण्याचा अर्ज करता येतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. तेव्हा दुसरी रायफल घ्यावी, असे त्याच्या मनाने घेतले.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. त्यामुळे मोटारीच्या पंपापासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत सगळे प्रश्न नातेवाईक माझ्याकडे आणतात. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा. थ्री-फिफ्टीन घेऊ का थर्टी-ओ-सिक्स?"

प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ द्यायचे ठरवले. या दोन्ही बोल्टच्या रायफली. म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका उचलून मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते, खटका पुढे लोटून दाबला की नवे काडतूस नळीत जाते. यंत्र साधे, बिघाड कमी. म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षे ही रचना टिकली आहे.

पहिली .३१५. तिची कुळकथा आपल्या देशाशी बांधलेली आहे. इंग्रजी फौजेची रायफल .३०३ होती. तिची काडतुसे सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून ती बोअर नागरिकांना बंद केली गेली. मग बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने त्याच धर्तीची, ली याच्या रचनेची रायफल .३१५ या वेगळ्या बोअरमध्ये काढली. काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखरच्या घराण्यातले. पुढे सरकारी शस्त्र कारखान्यांनी तीच परंपरा चालवली. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली. काडतुसाच्या बुडावर इंग्रजीत 'के एफ' अशी अक्षरे दिसतात, ती या खडकीची. २०२१ च्या ऑक्टोबरात हे सारे सरकारी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, पण .३१५ हे नाव परवानाधारकांच्या तोंडी कायम आहे.

दुसरी .३०-०६. हे अमेरिकी फौजेचे काडतूस. व्यास .३० इंच आणि वर्ष १९०६, एवढाच त्या नावाचा अर्थ. ते ज्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी केले ती जर्मनीच्या माउझरच्या रचनेवरून घेतलेली होती, इतकी की अमेरिकी सरकारला माउझरला मोबदला द्यावा लागला. आज जगभर शिकारीसाठी हे काडतूस सर्वांत खपणाऱ्यांपैकी एक आहे.

दोन्ही रचनांतला फरक कुलपाच्या उदाहरणाने कळेल. माउझरच्या खटक्याचे अडसर पुढे, काडतुसाजवळ असतात. दार चौकटीशीच बंद केल्यासारखे. त्यामुळे ती जास्त दाब सोसते. ली याच्या रचनेत अडसर मागे आहेत. दाब सोसण्याची ताकद थोडी कमी, पण खटका लोण्यासारखा फिरतो आणि दुसरी गोळी पटकन भरता येते.

आता आकडे. .३१५ ची गोळी जाड आणि जड, सुमारे १६ ग्रॅमची. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या थोडा वर. .३०-०६ ची नेहमीची गोळी पावणेबारा ग्रॅमच्या आसपास, पण वेग ८०० मीटरच्या वर. वजन आणि वेग यांचा गुणाकार दोहोंचा जवळपास सारखाच येतो. म्हणजे खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात फार मोठा फरक नाही, दारूचा भार जास्त असल्याने .३०-०६ चा थोडा अधिक. गतिज ऊर्जेत मात्र वेगाचा वर्ग येतो, म्हणून तिथे .३०-०६ साधारण तिसऱ्या हिश्श्याने पुढे निघून जाते. शिवाय ती सरळ जाते. दोनशे मीटर जाताना गुरुत्वाकर्षणाने तिची गोळी फूटभर खाली येते, .३१५ ची दोन फूट किंवा त्याहून जास्त.

भाच्याचा चेहरा खुलला. "म्हणजे थर्टी-ओ-सिक्सच की!"

मी त्याला विचारले, "अरे, तू डुकराला दोनशे मीटरवरून मारणार आहेस का?" रात्री बॅटरीच्या उजेडात डुक्कर दिसते ते तीस-चाळीस पावलांवर. तेवढ्या अंतरावर या दोन रायफलींत उजवे-डावे करायला जागाच उरत नाही. दोन्ही नेमक्या, दोन्ही जरुरीपेक्षा कितीतरी जोरकस. मग फरक उरतो कुठे? डुकराच्या पलीकडे. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती पुढे कुठे जाते, तिथे.

थोडी वर तोंड करून सुटलेली .३०-०६ ची गोळी चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. .३१५ ची थोडी अलीकडे पडेल, पण गावाची शीव तीही ओलांडील. बालाघाटात तर आणखी एक धोका आहे. इथे मातीखाली काळा पाषाण. दगडावर तिरकी आपटलेली गोळी उसळून कोणत्या दिशेला जाईल, हे सांगणारे गणित मला शाळेत कधी शिकवता आले नाही.

आणि आपली शिवारे रात्री रिकामी नसतात. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की माणसे दारे धरायला जातात. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या शेताच्या कडेलाच पडतात. पाचटाच्या त्या भिंती वारा अडवत नाहीत, त्या गोळी काय अडवणार? माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, हे सगळे ऐकत गव्हातले खडे वेचत होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, त्याला विचार की, मी रात्री मोटार बंद करायला जाते तेव्हा कुठून येते ते." मोटारीची वाट मक्याच्या मागूनच जाते. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे वाक्य जड होते. भाचा काही बोलला नाही.

कायदा करणाऱ्यांनीही हे ओळखलेले दिसते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. रायफलीच्या नळीत गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा असतात आणि त्यामुळेच ती दूर व नेमकी जाते. तिच्यासाठी वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते. बारा बोअरचे मोठे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत कामाचे. त्यापुढेही काही शे मीटर ते धोक्याचे असतातच, पण हा हिशोब मीटरांचा आहे, किलोमीटरांचा नाही. तीही माळ्यावर बसून, खाली जमिनीकडे तोंड करून चालवावी. मागे माती असली की चुकलेला बार मातीत जिरतो. जुनी माणसे ज्वारीच्या राखणीला माळा उंच बांधत, तो पाखरे दिसावीत म्हणून. पण ती उंची बंदुकीच्याही उपयोगाची आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल, तर वनखात्याचा अधिकार असलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले जनावर मात्र सरकारचे, ताटात घ्यायचे नाही. काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत. त्यांनी सारे शेत फस्त केले तरी पिकाच्या कारणासाठी त्यांच्यावर बार टाकता येत नाही. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, तिथल्या शेजारच्या गावांनी हे ध्यानात ठेवावे. नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. बॅटरीवर चालणारे सौर कुंपण झटका देते, जीव घेत नाही. तारेत थेट लाईनची वीज सोडणे हा मात्र गुन्हा आहे आणि त्यात डुकरांबरोबर माणसेही मेली आहेत. लग्नात हवेत बार काढण्याची हौसही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची.

मग बोल्टच्या रायफलीचे वेड असलेल्या तरुणाने करावे काय? कायद्याने रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी .२२ ची रायफल मिळण्याची वाट मोकळी ठेवली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला, तो .२२ च्या काडतुसावरच. त्या मैदानावर गोळी पुढे कुठे जाणार हे आधी ठरलेले असते.

भाच्याला मी शेवटी सांगितले ते असे. स्वसंरक्षणाचे खरे, कागदावर टिकणारे कारण असेल आणि रायफलच घ्यायची असेल, तर .३१५ घे. काडतुसे मिळायला त्यातल्या त्यात सोपी, आणि .३०-०६ चा जास्तीचा पल्ला आपल्या शिवारात गुण नसून दोष आहे. पण डुकरांसाठी म्हणशील, तर दोन्ही नको. वडिलांची बारा बोअर, पक्का उंच माळा, वनखात्याचा कागद आणि त्याआधी कुंपण, या क्रमाने जा.

त्याने बारा बोअर नावावर करण्याचा अर्ज दिला आहे. कुंपणाच्या चौकशीला तो वनखात्याच्या कचेरीत दोनदा जाऊन आला. दुसऱ्या शस्त्राचे त्याने सध्या काही ठरवलेले नाही. मोटारीची वाट मात्र त्याने बदलली. आता ती घराच्या बाजूने, बांधाच्या अलीकडून जाते.