ई-पीक पाहणी
शेतातील उभ्या पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाईल ॲपद्वारे महसुली अभिलेखात करण्याची महाराष्ट्र राज्यातील पद्धती. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने ती १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू केली. तत्पूर्वी ही नोंद तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना १२ मध्ये करीत असे. हा नमुना सातबाऱ्याचा एक भाग असून पीककर्ज, पीकविमा, नैसर्गिक आपत्तीनंतरची मदत आणि आधारभूत किंमतीने होणारी खरेदी यांसाठी त्यातील नोंद उपयोगी पडते. त्यामुळे या ॲपच्या आज्ञावलीत दोष राहिल्यास त्याची झळ शेतकऱ्याच्या मिळकतीला बसते.

कार्यपद्धती : खातेदार आपला गट क्रमांक निवडून हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक भरतो आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेतो. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. इंटरनेट उपलब्ध नसल्यास माहिती मोबाईलमध्ये साठवून नंतर पाठविता येते.

अडचणी व सुधारणा : मुदतीच्या अखेरीस एकाच वेळी असंख्य नोंदी आल्याने सर्व्हर मंदावणे, खेड्यांत संपर्क न मिळणे व पीक किंवा क्षेत्र चुकीचे भरले जाणे, या अडचणी प्रारंभीच आढळल्या, मुदतही वाढवावी लागली. ऑगस्ट २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत नोंद एकदा स्वतः दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. खातेदाराची नोंद ग्राह्य धरून तलाठ्याने केवळ १० टक्के नोंदींची पडताळणी करावी, असे ठरले. गावातील इतरांच्या नोंदीही पाहता येऊ लागल्या. छायाचित्र घेण्याचे ठिकाण गटाच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहे, हेही ॲप दाखवू लागले.

या शेवटच्या सुधारणेतून अशा आज्ञावलींपुढील मूळ पेच स्पष्ट होतो. अंतराची अट सैल ठेवल्यास खोटी नोंद स्वीकारली जाते. ती कडक केल्यास नकाशातील वा स्थाननिश्चितीतील चुकीमुळे खरी नोंदही नाकारली जाऊ शकते. पहिल्या चुकीचा भार शासनावर, तर दुसरीचा शेतकऱ्यावर पडतो.

खानदेशात कापूस हे प्रमुख खरीप पीक असल्याने नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) यासारख्या गावांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रु. (कमाल २ हेक्टर) साहाय्य देताना शासनाने प्रथम ई-पीक पाहणीतील नोंद आवश्यक मानली. ज्यांनी पीक घेतले पण नोंद केली नव्हती, ते त्यामुळे वगळले जात होते. २०२४ मध्ये ही अट शिथिल करून सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्या खातेदारांनाही पात्र ठरविण्यात आले. पुढे नोंदणीस मदत करण्यासाठी गावोगावी सहायक नेमण्याची व्यवस्थाही करण्यात आली. आज्ञावलीत सुधारणा होत असल्या, तरी ती अपुरी पडेल तेथे माणसाकडून दुरुस्ती करून घेण्याचा मार्ग खुला असणे तितकेच आवश्यक असल्याचे यावरून दिसते.