रूळ भिजले म्हणून गाडी थांबत नाही

पाणी आणि वीज एकत्र आणू नये, हे बाळकडू आपल्या सगळ्यांना मिळालेले असते. त्यामुळे जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये कुणाच्या परसबागेत भर पावसात विजेवरची छोटी आगगाडी फेऱ्या मारताना दिसली, की मालक बेफिकीर असावा असे वाटते. बहुधा तो तसा नसतो. ही गाडी बागेसाठीच बनवलेली असते. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने 1968 मध्ये ‘एलजीबी’ या नावाने ती बाजारात आणली. दोन रुळांत 45 मिलिमीटरचे अंतर, रूळ पितळेचे, स्लीपर उन्हापावसात टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे आणि इंजिने-डबे मीटर गेजच्या खऱ्या गाड्यांच्या साधारण साडेबाविसाव्या हिश्शाचे. पुढे याच गाड्यांत बर्फ बाजूला फेकणारी नांगरगाडीही आली. म्हणजे बनवणाऱ्यांनी हवामान गृहीतच धरले होते.

तरी पहिला प्रश्न उरतोच. एक रूळ धन, दुसरा ऋण, मध्ये पाणी. मग शॉर्ट सर्किट कसे होत नाही?

पाणी विजेचे वाहक आहे, हे अर्धसत्य आहे. पावसाचे पाणी वाहक आहे, पण फारच कमकुवत. पितळ त्याच्यापेक्षा काही अब्ज पटींनी चांगले वाहक आहे. ढोबळ हिशेब करून पाहू. स्लीपरांवर अर्धा मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर आहे आणि रुळांत 18 व्होल्ट सोडले आहेत असे धरले, तर मार्गाच्या एका मीटरमागे गळणारा प्रवाह जेमतेम अर्धा मिलिअँपिअर भरतो. तीस मीटरच्या वर्तुळात तो पंधरा-वीस मिलिअँपिअर होईल. एक इंजिन त्याच्या कितीतरी पट, अर्धा-एक अँपिअर, सहज ओढते. या गळतीने ट्रान्सफॉर्मरला काही जाणवतही नाही. अपवाद एकच: रूळ गढूळ डबक्यात बुडालेले असतील तर. मातीतले क्षार विरघळलेले पाणी पावसाच्या पाण्याहून बरेच जास्त वाहक असते, आणि थराऐवजी सगळा रूळच पाण्यात असल्याने गळती अँपिअरच्या घरात जाऊ शकते. उपाय मात्र विजेचा नाही, बागकामाचा आहे. रुळांखाली बारीक, धारदार कडांची खडी आणि पाणी वाहून जाईल असा उतार.

खऱ्या रेल्वेलाही ही गळती ठाऊक आहे. रुळांतून हलका प्रवाह सोडून मार्गावर गाडी आहे की नाही हे ओळखणारी जी ट्रॅक सर्किट असतात, त्यांच्या बाबतीत भिजलेल्या खडीची गळती अभियंत्यांना हिशेबात धरावी लागते, कारण तिथे लांबी मोठी आणि प्रवाह नाजूक असतो. दक्षिण इंग्लंडमध्ये तर जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळात 750 व्होल्टचा प्रवाह असतो आणि गाड्या त्या जगप्रसिद्ध पावसात धावतात. त्यांना खरा त्रास होतो तो बर्फाचा, कारण रुळावर गोठलेला थर वीज अडवतो. मुंबईची लोकल तुंबलेल्या पाण्यात थांबते तीही रुळांत वीज असते म्हणून नाही. तिची वीज वरच्या तारेतून येते. अडचण डब्यांखालच्या मोटरींची आणि सांधे बदलणाऱ्या यंत्रांची असते.

शॉक लागेल ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. सुरुवातीच्या काळात जर्मनीतल्या काही खेळण्यातल्या गाड्या घरातल्या विजेवर, मध्ये फक्त एक दिवा जोडून, चालवल्या जात. ती पद्धत खरोखर जिवावर बेतणारी होती. मेर्कलिन या जर्मन खेळणी कंपनीने 1926 मध्ये 20 व्होल्टची पद्धत आणली आणि तो काळ संपत गेला. आज युरोपात खेळण्यांना 24 व्होल्टची मर्यादा आहे. ओल्या हाताने रूळ धरलेत तर फार तर किंचित झिणझिण्या येतील. धोका आहे तो रुळांच्या अलीकडे, भिंतीतल्या 230 व्होल्टपाशी. ट्रान्सफॉर्मर बागेत ठेवून वर प्लॅस्टिकची पिशवी घालणे हा मला या छंदातला सगळ्यांत वाईट जुगाड वाटतो. पिशवीच्या आत दव जमते आणि ते दिसतही नाही. ट्रान्सफॉर्मर घरात किंवा कोरड्या शेडमध्येच असला पाहिजे, त्याच्या आधी 30 मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक स्विच असले पाहिजे, आणि बाहेर जाईल ती फक्त कमी दाबाची तार. एवढे पाळले की पावसाशी भांडण उरत नाही.

आता खरी गंमत. पावसात गाडी अडखळते, म्हणून पाऊस वाईट, असा सरळ निष्कर्ष बहुतेक जण काढतात. पण जोराच्या सरीत रूळ धुतले जातात आणि इंजिनाचे वजन चाकाखालचा पाण्याचा थर सहज बाजूला सारते. गाडी खरी रुसते ती पहाटेच्या दवात, किंवा नुकतीच भुरभुर सुरू झाल्यावर. रुळावर आधीच बसलेली धूळ, परागकण, झाडांचा चीक आणि काजळी थोड्याशा पाण्यात कालवली गेली, की त्या सगळ्याचा निसरडा लेप होतो. तो वीजही अडवतो आणि पकडही घालवतो. मोठ्या रेल्वेतही मुसळधार पावसापेक्षा पहिला शिडकावाच जास्त त्रासदायक मानला जातो. शरद ऋतूतली ओली पाने चाकाखाली चिरडली की तोच प्रकार होतो. इंग्लंडच्या बागांत याहून किळसवाणे कारण असते: रात्री रुळांवर चढून बसलेल्या गोगलगायी. एका गोगलगायीवरून चढावर चार डबे नेऊन पाहिलेले लोक दुसऱ्या दिवशीपासून गाडी सोडण्याआधी रुळांवरून एक चक्कर मारतात.

चढाचे म्हणाल, तर ओल्या रुळांवर पकड कमी होते, हे खरे आहे. उपाय साधा आहे: पावसात डबे कमी करा. काही इंजिनांच्या एखाद्या चाकावर पकडीसाठी रबरी कडे असते. ते कोरड्यात कामाचे असते, पण त्या चाकातून वीज घेता येत नाही, हे लक्षात असू द्यावे.

रूळ घासण्यासाठी स्टीलचा काथ्या वापरू नका. त्याचे केसासारखे तंतू खडीत पडतात आणि इंजिनाखालून जाताना मोटरच्या चुंबकाला चिकटून आत शिरतात. ‘गंज लागू नये म्हणून’ रुळांवर तेल फवारणे हाही तसाच प्रकार: लेप पातळ झाला नाही, तो चिकट झाला.

गंजाची गोष्ट मात्र इतक्या पटकन आटोपण्यासारखी नाही. पितळ लोखंडासारखे गंजत नाही, पण तपकिरी-काळे पडते, आणि तो थर विजेला आवडत नाही. रुळाच्या माथ्यावरचा थर गाडी धावत राहिली तर घासून जातो, म्हणून रोज चालणारा मार्ग महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या मार्गापेक्षा बरा चालतो. दोष लपतो तो रुळांच्या जोडांत. दोन रूळ जोडणाऱ्या पितळी पट्टीच्या आत पाणी शिरते, वाळते, पुन्हा शिरते, आणि प्रत्येक जोडावर थोडा थोडा व्होल्टेज सांडतो. दूरच्या वळणावर गाडी मंदावली, की लोक इंजिन उघडून बसतात. आधी जोड पाहा. वीजवाहक ग्रीस लावणे, पट्टीऐवजी स्क्रूने घट्ट आवळणारे क्लॅम्प वापरणे, किंवा जोडावरून तांब्याच्या तारेचा तुकडा झाळून टाकणे, यांपैकी काहीही केले तरी फरक दिसतो.

रुळाला तार जोडलेली जागा त्याहून नाजूक. ओलाव्यात एकाच दिशेचा प्रवाह सोडला की धन टोकाचे तांबे हळूहळू विरघळते आणि तिथे हिरवट चुरा जमतो. तार तिच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाच्या आतून कुजत जाते. डिजिटल पद्धतीत रुळांची ध्रुवता सेकंदाला हजारो वेळा बदलते, त्यामुळे हा प्रकार बराच कमी होतो. साधी पद्धत वापरणाऱ्यांनी निदान गाडी उभी असताना ओल्या रुळांत वीज सोडून ठेवू नये.

हे कळल्यावर उत्साही माणूस सिलिकॉनची नळी आणतो आणि सांधे बदलणारी मोटर, दिवे, डबी, जे दिसेल ते हवाबंद करतो. हे बहुधा उलटते. दिवसा तापलेली आणि रात्री गार पडणारी बंद डबी आत श्वास घेते, ओलावा आत येतो आणि बाहेर जायला वाट उरत नाही. तळाशी एक बारीक भोक ठेवून पाणी गळू द्यावे. इंजिनाचेही असेच आहे. प्लॅस्टिकच्या कवचावर सरी झेलून ते परतले, तर पुसून मोकळ्या हवेत वाळू द्या. भिजलेले तसेच खोक्यात घातले, तर आतल्या, डिजिटल आदेश वाचणाऱ्या डिकोडरला आणि आवाजाच्या पट्टीला दिवसभरच्या पावसापेक्षा त्या खोक्यातली रात्र जास्त जड जाते.

बॅटरीवर चालणारी गाडी घेतली की सगळे प्रश्न मिटतात, असेही सांगतात. रूळ स्वच्छ ठेवण्याची कटकट खरोखर जाते, आणि बॅटरीच्या वजनाने पकडही सुधारते. पण पाणी मोटरमध्ये तेवढेच शिरते, आणि लिथियमची बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करणे तिच्या जिवावर बेतते.

आपल्याकडे कुणी कोकणात अंगणात असा मार्ग टाकला, तर चिंता विजेची नसेल, खडी वाहून जाण्याची असेल. नेरळ-माथेरान गाडी दर पावसाळ्यात थांबते ती याच जातीच्या कारणाने, दरडी आणि घसरत्या मातीमुळे.

ज्या हवामानात बागेतली गाडी खरोखरच बंद करावी, ते एकच: विजा कडाडत असतील तेव्हा. जमिनीवर पसरलेले तीस-चाळीस मीटर धातूचे रूळ आणि त्यांतून घरात येणारी तार जवळच पडलेल्या विजेचा धक्का आत आणू शकतात. अशा वेळी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. गडगडाट सुरू होण्याआधीच रुळांकडे जाणाऱ्या दोन्ही तारा गाडीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरपासून काढून ठेवाव्यात, आणि ट्रान्सफॉर्मरचा प्लगही भिंतीतून उपसावा.