महापालिका विचारते, तेव्हा मोहल्ला गप्प का?

पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार ६०० कोटी रुपयांच्या वर गेले. मुंबईचे त्याच वर्षीचे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचे होते. असे आकडे वाचले की आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. महिन्याच्या किराण्याची आणि घरभाड्याची जुळवाजुळव करणाऱ्याला कोटींचे काय कळणार? पण नळाला पाणी किती वाजता येते, पावसाळ्यात गटार कुठवर चढते, सार्वजनिक शौचालयाच्या दाराला कडी आहे की नाही, आणि भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जायची काही वाट आहे का, हे सारे याच आकड्यांच्या पोटात ठरत असते.

महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक लोक आजही खेड्यांत राहतात. मुसलमानांचे चित्र उलटे आहे. आपल्यापैकी सुमारे ७० टक्के लोक शहरांत आणि नगरांत राहतात. म्हणजे ग्रामसभा आपल्यापैकी थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांचा रोजचा संबंध येतो तो नगरपालिकेशी आणि महापालिकेशी. मुस्लिम वस्त्यांत रस्ते, गटारे, शाळा आणि दवाखाने कमी पडतात हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवले. तेव्हापासून आपण त्या अहवालाचे नाव पुष्कळ घेतले. मात्र त्याच वर्षी पुण्यात एक लहानशी, पण कामाची गोष्ट सुरू झाली, तिची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

ती म्हणजे नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ मध्ये लोकांना विचारून पालिकेचा पैसा खर्च करण्याची पद्धत सुरू झाली आणि जगभर पसरली. पुणे महापालिकेने ती २००६ मध्ये आणली. पद्धत सोपी आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास महापालिका जाहीर सूचना देते. नागरिकाने आपल्या भागात कोणते काम हवे ते एका अर्जात लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे. भवानी पेठेतल्या माणसाने भवानी पेठ कार्यालयात, कोंढव्यातल्याने कोंढवा-येवलेवाडी कार्यालयात. अभियंते खर्चाचा अंदाज काढतात, प्रभाग पातळीवर यादी ठरते आणि ती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जाते. एका कामाला ५ लाखांची मर्यादा ठेवलेली आहे. पदपथ, पथदिवे, शौचालयाची दुरुस्ती, बसथांब्याची शेड, बसायला बाकडी, अशी ही कामे.

५ लाखांत काय होते, असे कोणी म्हणेल. मोठा रस्ता होत नाही हे खरे. पण अंधाऱ्या बोळात चार दिवे लागतात. रात्री ट्यूशनहून परतणाऱ्या मुलीच्या बापाला त्या चार दिव्यांची किंमत विचारा.

आता तक्रारीही सांगायला हव्यात. जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मुदत संपल्यावर लोकांना कळते. अर्ज गठ्ठ्याने कार्यकर्तेच भरतात, अशी ओरड जुनी आहे. यादीत आलेले काम प्रत्यक्षात झाले का, हे पाहायला नंतर कोणी जात नाही. एकंदर अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम चिमूटभर आहे. हे सर्व मान्य करूनही आमचे मत असे की, अर्ज न भरण्याला ही कारणे पुरत नाहीत. ज्या भागातून ५० अर्ज येतात आणि ज्या भागातून एकही येत नाही, त्या दोघांना अधिकारी सारखेच मोजेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिका बराच काळ प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवकच नव्हते, तेव्हा ज्याच्या दारी जाऊन सांगायचे तो माणूसच नाही, म्हणून मोहल्ले हातावर हात ठेवून बसले. त्या काळात लेखी अर्ज हीच एक सही चालणारी गोष्ट होती.

मशवरा ही आपल्याला परकी गोष्ट नाही. कुरआनातील एका सूरहचे नावच ‘अश्-शूरा’ आहे. खंदकाच्या लढाईत हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी खंदक खणण्याचा सल्ला दिला आणि प्रेषित (स.) यांनी तो मानला, हे आपली मुले मदरशात शिकतात. मशवऱ्याला बोलावणे आले असता न जाणे, आणि नंतर निर्णयावर कुरकुरणे, ही सवय मात्र आपण कुठून उचलली ते कळत नाही.

दिवे आणि गटार इथवर ठीक. घराचे काय? इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोक प्रभागाच्या अर्जात लिहितात, ‘आम्हाला घरे द्यावीत’. तो कागद तिथेच मरतो, कारण ५ लाखांच्या कामात घर बसत नाही. घरांचा पैसा आणि घरांची जमीन वेगळ्या ठिकाणी ठरते.

जमीन ठरते ती विकास आराखड्यात. साधारण वीस वर्षांसाठी शहराचा नकाशा बनतो आणि कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे दुर्बल घटकांची घरे याची आरक्षणे त्यात पडतात. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचना देता येतात. मुदत साधारण महिन्याभराची असते, आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणीला बोलावले जाते. हे नाटक आहे असे वाटत असेल तर मुंबईचे उदाहरण पाहा. २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला, त्यावर हजारोंच्या संख्येने हरकती पडल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा बाजूला ठेवावा लागला. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा काढावा लागला. आपल्या वस्तीवरून रुंद रस्ता जातो आहे किंवा कब्रस्तानाच्या शेजारचे आरक्षण बदलले आहे, हे आपल्याला बुलडोझर आल्यावर कळते. ते नकाशात त्याच्या कितीतरी आधी छापलेले असते.

दुसरी वाट थोड्यांना ठाऊक आहे. २०१३ पासून राज्यातील १० लाखांहून मोठ्या शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्याला २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. आपल्या भागात एवढा मोठा प्रकल्प उभा राहत असेल तर त्यातली ही घरे म्हाडाकडे कळवली का, हा प्रश्न महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारता येतो. सोडत म्हटली की आपल्याकडे ‘नशिबात असेल तर’ म्हणतात. नशीब अजमावायला आधी अर्ज तरी लागतो.

तिसरी वाट प्रधानमंत्री आवास योजनेची. २०१५ मध्ये ती सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला तिच्यात अनुदान मिळते. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असावे, ही तिची अट आम्हाला फार आवडते. पण खरी अडचण ‘स्वतःच्या जागेवर’ या शब्दांत आहे, आणि इथे थोडे थांबून बोलायला हवे.

आपल्या वस्त्यांत घर असते, कागद नसतो. छत्रपती संभाजीनगर असो की मालेगाव, माणसाने आयुष्यभराच्या कमाईतून एक-दोन गुंठे घेतलेले असतात, ते स्टँपपेपरवर आणि नोटरीच्या शिक्क्यावर. तिथे घरपट्टी भरली जाते, वीजबिल येते, पण सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव मूळ शेतमालकाचेच. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली गेली. तरी असंख्य घरे अजून तशीच आहेत, कारण शुल्क भरायला एकरकमी पैसा नाही, मोजणीचा नकाशा काढून देणारा माणूस भरवशाचा नाही, आणि कार्यालयात गेले की उद्या या.

दुसरा कागदाचा गुंता आपण स्वतः तयार केलेला आहे. जुन्या पेठेतले घर दादांच्या नावावर. दादा जाऊन तीस वर्षे झाली. वारस नोंद झालेली नाही. तीन चुलते त्याच घरात तीन चुली मांडून राहतात, चौथा दुबईला, आणि आत्यांना कोणी विचारलेले नाही. शरियतने आत्यांचा हिस्सा ठरवून दिला आहे, पण तो द्यावा लागेल म्हणून वाटणीच करायची नाही, असा प्रकार आपल्या घरांत नवा नाही. मग भिंत पडायला आली की योजनेचा अर्ज भरायला जातात आणि पहिल्याच प्रश्नाला अडतात: जागा कोणाच्या नावावर? नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करणे हे घर मिळवण्याचे पहिले काम आहे, आणि त्याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. भावा-बहिणींची बैठक लागते.

म्हणून घराच्या प्रश्नावर महापालिकेकडे सर्वांत आधी काय मागावे, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू की इमारत मागण्याआधी शिबिर मागा. गुंठेवारीच्या अर्जांसाठी वस्तीतच दोन-तीन दिवसांचे शिबिर, शुल्काचे हप्ते, आणि मोजणीची एकत्र सोय. याला कोट्यवधी लागत नाहीत. एवढे झाले तर पुढच्या योजनेचा पैसा त्या गल्लीत शिरायला दार तरी उघडेल.

मागणी कोणाची लिहायची, हाही प्रश्न आहे. मशिदीच्या ओट्यावर बसून यादी केली तर त्यात पार्किंग येते, चौकातला मोठा दिवा येतो, कमान येते. घरात बसून केली तर पाणी, शौचालय आणि अंगणवाडी येते. सार्वजनिक शौचालयात महिलांच्या बाजूला दिवा नाही म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या बायका आहेत. ही गोष्ट जमातीच्या बैठकीत कधी निघत नाही, कारण तिथे त्या नसतात. हुदैबियाच्या प्रसंगी सहाबा (रजि.) उठत नव्हते, तेव्हा मार्ग सुचवला तो उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी, आणि प्रेषितांनी (स.) त्याप्रमाणे केले. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटे काढून बायकांकडूनच यादी घ्यावी. बचत गटाला हिशेब ठेवायची आणि सह्या घ्यायची सवयही असते. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असते. ती कशावर खर्च झाली हे विचारणाराही कोणी लागतो.

आता लिहिण्याविषयी. ‘आमच्या भागाचा विकास करावा ही नम्र विनंती’ असे अर्ज आम्ही बरेच पाहिले. त्यावर अभियंता काहीच करू शकत नाही. त्याला जागा हवी, माप हवे, काम हवे. ‘अमुक गल्लीतील सार्वजनिक शौचालयाच्या महिला बाजूच्या चार दारांना कड्या, आत दोन दिवे आणि बाहेर एक पथदिवा’ असे लिहिले की त्याचा अंदाज एका दुपारी निघतो. जागा महापालिकेची आहे की खासगी, हे आधी पाहावे. खासगी बोळातले काम यादीतून पहिल्यांदा उडते. एकाच कामासाठी दहा घरांनी वेगवेगळे अर्ज द्यावेत. अर्जाची दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. पोच न घेतलेला अर्ज म्हणजे रस्त्यात कोणाला सांगितलेली गोष्ट. एप्रिलनंतर त्याच पोचेच्या आधारे विचारायचे: काम यादीत आले का? नसेल तर कारण लेखी द्या.

आपल्या शहरात पुण्यासारखी योजना नसेल तरी अंदाजपत्रक तयार होण्याआधी, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने पत्र आवक-जावक विभागात देता येते. त्यासाठी जाहीर सूचनेची वाट पाहायची गरज नाही. आणि महापालिकेची जाहीर सूचना निघाली की ती जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या फलकावर लागावी, ट्यूशनच्या वर्गातल्या मुलांनी मोठ्यांचे अर्ज भरून द्यावेत. मराठी शाळेत शिकणारी आपली मुले ते अर्ज आपल्यापेक्षा चांगले लिहितात.